नोकरी सोडू का, ताई?

मैत्रिणींनो,

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत मला येणारी पत्रे बहुतेक फराळाची असतात. चकली तेलात का विरघळते, अनारसा का हसतो, वगैरे. या वेळी त्या गठ्ठ्यात एक जाड पाकीट निघाले, तुळजापूरहून आलेले. आत चार पानी पत्र, आणि त्याला टाचणीने लावलेली एका अर्जाची नक्कल. विषय : स्वेच्छानिवृत्ती मिळणेबाबत. अर्जाखाली सही होती, तारीख मात्र नव्हती.

पत्र लिहिणाऱ्या बाईंनी नाव छापू नका म्हणून बजावले आहे, तेव्हा आपण त्यांना वहिनीच म्हणू. वय सत्तेचाळीस. २००१ साली त्या जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागल्या. राहायला तुळजापूर आणि कचेरी धाराशिवला. रोज एसटीने जाणे-येणे. यजमान एका साखर कारखान्यात, तिथेच खोली करून राहतात आणि सुट्टीच्या दिवशी घरी येतात. मुलगी दहावीला, मुलगा सातवीत. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा झाला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत.

“ताई,” वहिनी लिहितात, “वीस वर्षं भरली की पेन्शन घेऊन घरी बसता येतं, असं कचेरीतले सगळे सांगतात. माझी तर चोवीस झाली. मुलीचं महत्त्वाचं वर्ष आहे. घरी येते तेव्हा सात वाजून गेलेले असतात. नणंद म्हणते सोड, दीर म्हणतात सोड, हे म्हणतात तुझं तू ठरव. अर्ज लिहून कपाटात ठेवलाय. तारीख घालायला हात होत नाही. सोडू का?”

अशा प्रश्नाला पोस्टकार्डावर उत्तर देता येत नाही. धाराशिवहून तुळजापूर काही लांब नाही, वीस-बावीस किलोमीटर. आईच्या दर्शनाला जायचे होतेच. एका शनिवारी गेले. २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाल्यामुळे वहिनी घरी सापडल्या. ‘घरी’ म्हणजे काय, तर नळाचा दिवस होता, त्यामुळे एक पाय मोरीत आणि एक चुलीशी!

चहा झाल्यावर मी त्यांच्या मुलीकडून दोन कोऱ्या वह्या मागून घेतल्या. एक पैशाची, एक वेळेची. नोकरी सोडण्याचा विचार ज्या-ज्या घरात चालू असेल तिथे माझे हेच सांगणे आहे. आधी दोन वह्या भरा, मग बोला.

पहिली वही : पैशाची

वहिनींचे मूळ वेतन ४४,००० रुपये. महागाई भत्ता आणि इतर भत्ते धरून, फंड आणि बाकीची कपात जाऊन हातात साधारण ६०,००० येतात. त्या १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या, म्हणून जुन्या पेन्शनच्या. पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे २२,०००. त्यावर महागाई वाढ. २०२५ च्या सुरुवातीचा ५५ टक्के दर धरला तर १२,१००. एकूण ३४,१००.

वहिनींचा चेहरा खुलला. “म्हणजे काही वाईट नाही की!”

“थांबा,” म्हटले, “आता खर्च सांगा.”

किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, शाळा, शिकवण्या, सासूबाईंची औषधे, येणेजाणे मिळून ३८,०००. घराच्या कर्जाचा हप्ता ११,०००, अजून सहा वर्षे. म्हणजे महिन्याला ४९,०००.

“आणि भाऊजींचा पगार?”

यजमान तिथेच बसले होते. ते जरा खाकरले. पगार चोवीस हजारांचा आहे, पण ‘हातात पडला तर’. कारखान्याची ओढाताण असली की पगार तीन-तीन, चार-चार महिने थकतो. गेली कित्येक वर्षे वहिनींच्या पगारावरच घर चालले आहे, आणि भाऊजींचा थकलेला पगार आला की त्यातून सणवार, लग्नकार्ये, शाळेची फी निघते.

मग आम्ही हिशेब दोनदा मांडला. चांगल्या महिन्यात पेन्शन आणि भाऊजींचा पगार मिळून ५८,१००. भागते. पण पगार थकलेल्या महिन्यात हातात ३४,१०० आणि खर्च ४९,०००. खड्डा १४,९०० रुपयांचा, दर महिन्याला! असे चार महिने लागोपाठ आले तर साठ हजारांचे कर्ज.

वहिनी म्हणाल्या, “पेन्शन विकून घराचं कर्ज फेडलं तर?” हा सल्ला कचेरीत हमखास मिळतो. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो. एकरकमी पैसे मिळतात, आणि तेवढा भाग पंधरा वर्षे दरमहा कापला जातो. वहिनींच्या बाबतीत ८,८०० कापले जाऊन हातात २५,३०० राहतात. हप्ता गेला, खर्च ३८,००० वर आला, तरी वाईट महिन्यात १२,७०० कमीच. शिवाय पुढच्या वर्षी मुलगी अकरावीला जाणार. आपल्याकडच्या पोरांना लातूरला ठेवायचे म्हणजे काय खर्च येतो, हे ज्यांनी ठेवले आहे त्यांना विचारा. तो तर आम्ही अजून धरलेलाच नव्हता.

आता एक नाजूक गोष्ट. मी भाऊजींना विचारले, “तुम्ही अठ्ठावन्नाला निवृत्त झाल्यावर तुम्हाला किती पेन्शन?” ते म्हणाले, “असेल की दहा-बारा हजार.”

मैत्रिणींनो, ज्यांचे यजमान कारखान्यात, गिरणीत, खाजगी कंपनीत आहेत त्यांनी हे नीट वाचावे. भविष्य निर्वाह निधीबरोबर १९९५ पासून जी पेन्शन योजना आहे, तिचे सूत्र सोपे आहे. धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले सत्तर. आणि वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल तर हा पगार १५,००० च्या वर धरला जात नाही. पूर्ण तीस वर्षे धरली तरी १५,००० गुणिले ३० भागिले ७०, म्हणजे ६,४२८ रुपये! त्यावर महागाई वाढही नाही. पन्नाशीनंतर ही पेन्शन लवकर घेता येते, पण अठ्ठावन्नाच्या आधीच्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कमी होते.

भाऊजी बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे म्हातारपणी आम्ही हिच्याच पेन्शनवर.”

“हो,” म्हटले, “आणि ती पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. आज सोडली तर आजच्या पगारावर. पुढच्या वेतनवाढी सोडून द्यायच्या.”

वहिनींनी मध्येच हळूच सांगितले, की भावाच्या शेतात दोन-चार शेळ्या ठेवायचा विचार आहे. आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी जुळी करडे देण्याबद्दल नावाजलेली आहे, हे खरेच. पण शेळी म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. तिला चारा लागतो, पाणी लागते, आजारपण असते, आणि राखणारे माणूस लागते. वेळ मिळावा म्हणून नोकरी सोडायची आणि मग शेळ्यांमागे धावायचे, यात काय साधले? जोडधंदा जरूर करावा, पण नोकरी असतानाच छोट्या प्रमाणावर करून बघावा. जमला तर वाढवावा.

दुसरी वही : वेळेची

ही वही आपण बायका कधी भरतच नाही. मी वहिनींना आठवड्याचे तास मांडायला लावले. कचेरीचे दिवस पाच, पावणेदहा ते सव्वासहा, म्हणजे साडेबेचाळीस तास. जाणे-येणे आणि स्टँडवर ताटकळणे रोज अडीच तास, आठवड्याचे साडेबारा. एकूण पंचावन्न.

आता घर. स्वयंपाक रोज साडेतीन तास, आठवड्याचे साडेचोवीस. सासूबाईंचे अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे, कपडे, औषधे रोज तीन तास, म्हणजे एकवीस. धुणे, पाणी भरणे, झाडलोट, बाजार रोज दीड तास, म्हणजे साडेदहा. बेरीज केली तर छप्पन्न!

वहिनींनी पुन्हा बेरीज केली. तरी छप्पन्नच.

भाऊजींच्या नावापुढे आठवड्याचे साडेचार तास निघाले. मुलीचे पाच, मुलाचा एक. दीर तुळजापुरातच राहतात, नणंद सोलापूरला असते. त्यांच्या नावापुढे वहिनींनी काहीच लिहिले नाही. पेन्सिल नुसती टेकवली आणि उचलली.

मी म्हटले, “वहिनी, पंचावन्न तासांच्या नोकरीतून निवृत्त व्हायचा अर्ज तुम्ही लिहिलाय. या छप्पन्न तासांच्या नोकरीचा अर्ज कुणाकडे करणार?”

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. विठ्ठलाच्या नामात रंगून चिखल तुडवताना रांगत आलेले मूल पायाखाली आले, तेही त्यांना कळले नाही. कीर्तनात ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण तिच्यातल्या आईकडे आपले लक्ष जाते का? ती मुलाला वडिलांजवळ सोडून पाण्याला गेली होती. तिचेही काम होतेच, आणि कुणावर तरी विसंबल्याशिवाय ते होणार नव्हते. बाईने घरातच बसून राहावे, असा त्या गोष्टीचा अर्थ मला कधी वाटला नाही. मूल ज्याच्यावर सोपवले त्याचे लक्ष हवे, एवढाच मी तो घेते.

बरे, नोकरी सोडली तर ते पंचावन्न तास वहिनींच्या वाट्याला येतील का? माझ्या पाहण्यात अशा पाच-सहा जणी आहेत. बाई घरी बसली की पोळ्याची बाई पहिल्यांदा बंद होते. मग धुण्याची. मग ‘तू घरीच असतेस ना’ म्हणून भाच्याला शिकायला पाठवतात, पाहुणे चार दिवस जास्त राहतात. सहा महिन्यांत छप्पन्नाचे नव्वद तास होतात, आणि मुलीच्या अभ्यासाजवळ बसायचे राहते ते राहतेच.

आम्ही हे बोलत असताना आतल्या खोलीतून हाक आली. सासूबाई! त्यांची जीभ जरा जड झाली आहे, पण कान तिखट आहेत. जवळ गेले तर म्हणाल्या, “तिला सांगा, माझ्यापायी नोकरी नको सोडू म्हणावं. मी पिकलं पान. आज हाय, उद्या नाही. जल्मभर पाच रुपये लागले तरी मालकाच्या तोंडाकडं बघितलं मी. हिनं नको बघायला.”

वहिनी दारातच उभ्या होत्या. पदराने डोळे पुसून त्या गॅस बंद करायला गेल्या. वास्तविक गॅस चालू नव्हताच.

मग मार्ग काय?

आम्ही आधी ते उपाय शोधले, ज्यांत एक रुपयाही कमी होत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याची नेमणूक पंचायत समितीतही होते, आणि तुळजापूरला पंचायत समिती आहे. बदल्यांच्या वेळी घरच्या आजारपणाचे कागद जोडून रीतसर विनंती करायची. ती मान्य झाली तर आठवड्याचे दहा तास वाचतील. लगेच होईलच असे नाही, पण चोवीस वर्षांत वहिनींनी असा अर्ज एकदाही केला नव्हता!

दुसरे, बालसंगोपन रजा. राज्य सरकारने २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना सबंध नोकरीत १८० दिवसांची ही रजा ठेवली आहे, आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती घेता येते. ती फक्त तान्ह्या बाळासाठी असते असे वहिनींना वाटत होते. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आधी एकेक महिना घेतला तर मुलीजवळ बसता येईल, आणि नोकरीही राहील.

तिसरे, सासूबाईंसाठी दिवसा एक बाई. तुळजापुरात चौकशी केली तेव्हा महिना आठ हजार पडतील असे कळले. हा खर्च कुणी द्यायचा? भाऊजी म्हणाले, “आपणच देऊ.” मी म्हटले, “दीर आणि नणंद यांनी वाटा का देऊ नये?” आई-वडिलांच्या सांभाळाचा २००७ चा जो कायदा आहे, त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर घातली आहे. सुनेचे नाव त्यात नाही. माया काही कायद्याने होत नसते, आणि वहिनी सासूबाईंचे करतात ते मायेनेच. पण ‘सोड’ म्हणणाऱ्याने स्वतः काय सोडणार तेही सांगावे, हे बोलायला काय हरकत आहे? भाऊजींनी तिथूनच भावाला फोन लावला. बोलणे जरा अडखळत झाले. पण झाले.

चौथे, निवृत्ती घ्यायचीच तर ती तारीख ठरवून. कर्ज फिटायला सहा वर्षे, मुलगी मार्गी लागायलाही साधारण तितकीच. त्रेपन्न-चोपन्नाव्या वर्षी हिशेब पुन्हा मांडायचा. पंचावन्नपर्यंत थांबले तर आणखी एक फायदा आहे. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतरची, पण पंचावन्न ते साठच्या दरम्यान स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांनाही निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ठरलेल्या मुदतीत तिच्यात ते ठेवता येतात. २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख आहे, आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात येते.

तुमच्याही वहीत लिहून ठेवा

१. सोडण्याआधी सहा महिने ‘खोटी पेन्शन’ घ्या. पेन्शन जेवढी बसेल तेवढ्याच पैशांत घर चालवा, उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याला हात लागला नाही तर तुमचे गणित बरोबर आहे. आणि चार पैसे साठतील ते वेगळेच.

२. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागला असाल तर वहिनींचे गणित तुम्हाला लावू नका. नव्या योजनेत पेन्शन खात्यात साठलेल्या पैशांवर अवलंबून असते. आधी बाहेर पडल्यास किती हातात आणि किती पेन्शनसाठी गुंतवावे लागतात, हे आणि सरकारने नंतर दिलेले पर्याय लेखा शाखेतून लेखी विचारून घ्या.

३. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस तीन महिन्यांची असते. दिल्यावर मन बदलले तर ती मागे घ्यायला मंजुरी लागते. म्हणून रागाच्या किंवा रडण्याच्या दिवशी तारीख घालू नका. त्याआधी सेवापुस्तक बघा. रजेचा हिशेब, वेतनपडताळणी, वारसाचे नाव पुरे आहे ना? पेन्शनचे कागद बहुधा इथेच अडतात.

४. एकरकमी मिळालेले पैसे ‘टक्का जास्त देतो’ म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत नेऊन टाकू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, २०२० पासून माणशी बँकेमागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका नावाने नऊ लाख आणि संयुक्त नावाने पंधरा लाख ठेवता येतात.

५. पेन्शन जमा होणारे खाते तुमच्या नावाचे असू द्या. त्याचे कार्ड तुमच्याच पाकिटात असू द्या.

६. ज्या नोकरी करत नाहीत आणि ज्यांचे यजमान लवकर निवृत्त व्हायचे म्हणतात, त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. महिन्याला नक्की किती येणार? दवाखान्याचे काय? आणि दिवसभर घरी राहून तुम्ही घरातले कुठले काम आपल्याकडे घेणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन्हींइतकेच पक्के हवे.

हे लिहीत असतानाच वहिनींचे दुसरे पत्र आले. बदलीचा अर्ज गेला आहे. दिवसाची बाई लागली आहे. दिरांनी तीन हजार द्यायचे कबूल केले, नणंदेने अजून काही कळवलेले नाही. भाऊजी आता सुट्टीला आले की आईला आंघोळ तेच घालतात. पहिल्या दिवशी मोरीत पाणीच पाणी केले म्हणे! स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कपाटातच आहे. “फाडला नाही ताई,” त्या लिहितात, “असू दे. पण आता त्याच्यावर दोन्ही वह्या ठेवल्यात. काढायचा झाला तर आधी त्या उचलाव्या लागतील.”

तुमच्या घरच्या छप्पन्न तासांची बेरीज किती येते, मांडून बघा आणि मला कळवा. आणि हो, अनारशाच्या पत्रांची उत्तरे पुढच्या आठवड्यात नक्की!

— तुमची ताई